वास आला, आता कुणीकडे पळायचं?



26 डिसेंबर 2023 ची मध्यरात्र. उत्तर चेन्नईतलं एन्नोर. जहाजातला अमोनिया कोरोमंडल इंटरनॅशनलच्या खत कारखान्यात आणणारी समुद्राखालची पाइपलाइन गळली. शेजारच्या पेरियाकुप्पम या कोळीवाड्यात डोळे चुरचुरले, घसे जळू लागले. माणसं लेकरं उचलून अंधारात पळाली. पन्नासच्या आसपास जणांना दवाखान्यात न्यावं लागलं.

कारखाना कुणाच्या दारात उभा राहणार, हे आपल्याकडे जात आणि गरिबी ठरवते. त्याची माहिती कुणाला मिळणार, हेही.

खरं तर शिकवायला अर्धा तास पुरतो. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो. म्हणून तो शरीराच्या ओल्या जागा आधी धरतो: डोळे, नाक, घसा, फुप्फुसं. वायू हवेपेक्षा हलका, पण थंडगार द्रव सांडला की त्याचा ढग जमिनीलगत पसरतो. अशा वेळी वारा बघा. वाऱ्याला आडवं निघा, ढगाबाहेर पडलात की वारा येतो त्या बाजूला जा. नाकावरचं ओलं फडकं फक्त पळण्यापुरतं. ते बांधून व्हॉल्व्ह बंद करायला जाऊ नका. त्या कामाला पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला मास्कच लागतो. डोळे चोळू नका, वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटं धुवा. सांडलेल्या द्रवावर पाणी ओतू नका, वाफ वाढते. आणि रोजच्या वासाला नाक सरावतं. वास कमी झाला म्हणजे धोका टळला, असं नाही.

हे सगळं सेफ्टी डेटा शीटमध्ये असतं. पण ती बहुतेकदा इंग्रजीत, ऑफिसच्या फायलीत. व्हॉल्व्हपाशी उभा असतो ठेकेदाराचा माणूस, बहुधा आपल्याच वस्तीतला.

बाबासाहेब 1942 ते 1946 केंद्रात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात, 1945 मध्ये, कारखान्यांच्या सुरक्षिततेसाठी केंद्राचं सल्लागार कार्यालय सुरू झालं. चेन्नईची प्रादेशिक श्रम संस्था त्याच यंत्रणेतली. औद्योगिक सुरक्षिततेचं शिक्षण तिथे मिळतं. आपल्या मुलामुलींनी ते घ्यावं.

तुमच्यातले कुणी चेन्नईत, कुणी तारापूर-महाडच्या एमआयडीसीत नोकरीला लागाल. घरी सरकारी कागद आला की वाचायला तुम्हालाच बोलावतात ना? मग पहिल्याच आठवड्यात ही शीट मागा, आणि शेजारी काम करणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा.

जय भीम.