अलिबागला आलात, पण अलिबाग पाहिलंत का?

(या भागात बोललेला मजकूर, ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी)

कानात इअरफोन घालून लोकलमध्ये उभे असाल, नाहीतर रात्री गादीवर आडवे पडून ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आज विषय माझ्या गावाचा आहे, त्यामुळे जरा पक्षपात होणार. तो आधीच पदरात घ्या.

"अलिबाग से आया है क्या?" हे वाक्य तुम्ही सिनेमात ऐकलंय, कॉलेजात ऐकलंय, कदाचित कोणाला तरी ऐकवलंही असेल. म्हणजे काय, तर समोरचा बावळट. या वाक्यावर बंदी घाला म्हणून एकानं मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही केली होती. 2019 मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. असे विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. मला विचाराल तर मलाही या वाक्याचा राग येत नाही. मी अलिबागचीच. मला खटकतं ते वेगळंच. शनिवारी सकाळी बोटीनं येणारी, समुद्रावर फोटो काढणारी, बंगल्यात पार्टी करून रविवारी परत जाणारी मंडळी सांगतात, "अलिबाग झालं बघून." म्हणून आज दोन दिवसांत खरोखर काय बघायचं ते सांगते.

आधी यायचं कसं. गेटवेहून मांडव्याला लाँच किंवा कॅटामरान, तिथून पुढं बसनं अलिबाग. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, 2020 पासून, त्यात गाडीही चढवता येते. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा एसटी आहेच. पेण-वडखळ मार्गे या.

आता कुलाबा किल्ला. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात दिसतो तो. 1680 मध्ये शिवाजी महाराजांनी हा बांधायला घेतला, त्याच वर्षी महाराज गेले, आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. पुढं कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथून चालायचं. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज, दोघं एकत्र येऊन चालून आले, तरी किल्ला पडला नाही. तटाचे मोठमोठे दगड बघा. फटींत चुना भरलेला नाही, नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. चारी बाजूंना खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याची विहीर! शिवाय 1759 मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. चाकांवरच्या दोन तोफा दिसतील, तिथं सगळेच सेल्फी काढतात. पण त्या आंग्र्यांच्या नाहीत हं. त्या इंग्लंडात, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या आहेत. आंग्र्यांचं संस्थान 1840 मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, हे त्या तोफा न बोलता सांगतात.

किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. आणि इथंच लोक अडकतात. तर माझ्या आजीचं गणित ऐका. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार, चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवा, सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून ओहोटी दुपारी बारा वाजता. पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फार मागं हटत नाही, वाट पुरती उघडी पडत नाही. पुनव-अमावास्येला उधाण असतं. तेव्हा समुद्र लांब आत जातो, पण परत येतो तोही तितक्याच जोरात.

मग चालत जायला सोयीचा दिवस कोणता? तृतीया-चतुर्थी. ओहोटी सकाळी, ऊन कमी, आणि संकष्टी असेल तर गणपतीचं दर्शनही. नऊची ओहोटी असेल तर आठच्या सुमारास निघा आणि दहा-साडेदहाला वाळूवर परत या. हे गणित ढोबळ आहे बरं का, तास-अर्धा तास इकडंतिकडं होतं. मोबाइलवरचं भरतीचं वेळापत्रक बघा आणि वर किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारा. तो "आता नको" म्हणाला तर नको. पावसाळ्यात तर हा विचारच नको. आणि पाण्याला लागून वाळूत गाडी घालू नका. भरती आली की वाळू चाकं धरते. मग ट्रॅक्टर शोधत गावभर फिरावं लागतं, आणि ते दृश्य आम्ही दर सीझनला बघतो.

किनाऱ्याजवळच एक शांत आवार आहे, ज्याकडं कोणी वळून बघत नाही. चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद मुंबईत कुलाब्याला 1841 पासून होत होती. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेनं उपकरणांचे काटे हलले असते. म्हणून 1904 मध्ये वेधशाळा अलिबागला आणली, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतींत. मुंबईत विजेची ट्राम धावली 1907 मध्ये. तेव्हा अलिबाग निवडलं गेलं ते इथल्या शांततेमुळं. आत सहज जाता येत नाही, पण बाहेरून जाताना एवढं लक्षात असू द्या, की इथं शतकाहून जास्त काळ पृथ्वीची नाडी मोजली जातेय.

गावात शिरलात की इस्रायल आळी विचारा. तिथं 1848 सालचं मागेन आबोथ हे ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. बेने इस्रायली लोकांची परंपरा सांगते, की फार पूर्वी नौगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांचा वंश कोकणात वाढला. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं शनवार तेली. आडनावं बघा ना! नौगावकर, किहीमकर, पेणकर, झिराडकर. घरात मराठी. पुढं बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण तिथंही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. अलिबाग हे नावही अली नावाच्या एका बागायतदाराच्या बागांवरून पडलं, असं सांगतात. म्हणजे एवढ्याशा गावात किती घरं सामावलीत बघा.

दुसऱ्या दिवशी बाहेर पडा. उत्तरेला किहीम. सालिम अलींची नोकरी गेली होती तेव्हा, 1930 च्या सुमारास, ते इथं राहिले आणि सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. घरट्यांकडं तासन् तास बघत बसणं हेच काम! पुढं सासवन्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर आहे, त्याचंच संग्रहालय झालंय. पुण्यातला 1928 चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांचा. पण सासवन्याला तुम्ही थांबाल ते म्हशीपाशी. हात लावून बघावासा वाटेल इतकी जिवंत म्हैस आहे.

दक्षिणेला आक्षी, नागाव, रेवदंडा. आक्षीचा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. त्यावरचं साल शके 934, म्हणजे इ.स. 1012, असं अनेक अभ्यासक वाचतात. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, तर एकदा हा दगडही बघून या. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. पोर्तुगीज 1740 मध्ये गेले, पण त्यांच्या भाषेतून तयार झालेली एक बोली त्या गावात आजही बोलली जाते.

खाण्याचं विसरले नाही. थंडीत आलात तर पोपटी खा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. माशांत जिताडा मिळाला तर सोडू नका. आणि फेब्रुवारीपासून पुढं पांढरा कांदा, वेणीसारखी माळ ओवलेला. 2022 मध्ये त्याला जीआय मिळालं. तो तिखट नाही, कच्चा खाता येतो. पण रस्त्यावर दिसणारी प्रत्येक पांढरी माळ अलिबागची नसते, म्हणून कार्ले-खंडाळ्याकडं शेतकऱ्याच्या दारातूनच घ्या.

त्याच वडखळच्या रस्त्यावर चरी नावाचं गाव आहे. तिथं रिसॉर्ट नाही, म्हणून कोणी थांबत नाही. 1933 मध्ये इथल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. नेते नारायण नागू पाटील. हा संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षं शेत पडीक! लोकांनी रानातली लाकडं विकून दिवस काढले. 1934 मध्ये डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले, आणि 1937 मध्ये त्यांनी खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं. माझ्या आईच्या माहेरची माणसं त्या संपात होती. आजी सांगायची, घरात तांदूळ नव्हता, पण खोताच्या दारात कोणी गेलं नाही.

हे मी मुद्दाम शेवटी सांगतेय. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. माझ्या काकांच्या नागावच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त सुपाऱ्या एका दुपारीत आडव्या झाल्या. नवी सुपारी लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर खायचं काय? दलालाचा फोन मात्र आठवड्यात आला. आजही येतो. काकांनी अजून वाडी विकलेली नाही. दोन खोल्या पाहुण्यांना देतात, काकू जेवण करते, आणि त्यातून रोपं जगवली. शेजारच्या तीन वाड्यांना मात्र आता भिंती आहेत, आत पोहण्याचे तलाव आहेत. विकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. वादळानंतर ज्याच्या घरात मुलीची फी भरायची होती, त्याला उपदेश करणं सोपं आहे. पण ज्या जमिनीसाठी सहा वर्षं लोक उपाशी राहिले, ती आता गुंठ्याच्या भावानं जाते, हे बघताना पोटात कालवतं.

म्हणून तुमच्याकडं एकच मागणं आहे. खोली बुक करताना विचारा, वाडी कोणाची? स्वयंपाक कोण करतं? गावातल्या घरात राहा, कोळणीकडून मासळी घ्या, कांदा शेतातून घ्या. खर्च तेवढाच होईल, कदाचित कमीच. फक्त तो पैसा वाडीच्या मुळाशी जाईल, आणि काकांसारख्या माणसाला पुढच्या फोनवर "नाही" म्हणायला बळ येईल. बाटल्या परत न्या, हे सांगायला लागू नये.

तुम्ही कोणत्या तिथीला येताय ते कळवा, ओहोटीची वेळ मी काढून देते! तोवर पाऊणपटीचा सराव करा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.