जात्याची घरघर आणि गिटार

गिटारची साथ आता मराठी गाण्याला परकी राहिलेली नाही. पण गिटारवाला कॉर्ड लावतो, म्हणजे एकदम तीन स्वर छेडतो. षड्जाच्या कॉर्डमधला मधला स्वर असतो गांधार. तो शुद्ध की कोमल, हे गाणाऱ्याने तोंड उघडायच्या आतच ठरून जातं!

आमची अम्मी जात्यावर ओव्या म्हणायची. आमच्याकडच्या मुसलमान बायकांना या मराठी ओव्या तोंडपाठ असत. तिच्या माघारी ती चाल आता मला आणि आपाला, दोघांनाच येते. पुतण्या म्हणाला, “चाचा, तुम्ही म्हणा, मी गिटार धरतो.” त्याने रीतसर कॉर्ड वाजवले. गाणं गोड झालं, पण अम्मीचं राहिलं नाही. तिचा गांधार शुद्ध आणि कोमल यांच्या मधे कुठेतरी असे, दर ओवीला थोडा हले. शिवाय खाली जात्याची घरघर अखंड चाले. तोच तिचा तंबोरा.

मी म्हटलं, “बेटा, आधी जातं वाजव.”

पोरगं हुशार. गिटारच्या बारीक दोन तारा, बी आणि ई, त्याने मोकळ्या सोडल्या. ई षड्ज धरला, तर बी पंचम होतो. तंबोऱ्याची जोडी आयतीच मिळाली. आता बाकीच्या तारांवर बोटं कुठेही फिरोत, या दोन तारा प्रत्येक छेडीत वाजतच राहतात. षड्जाच्या कॉर्डमध्ये तिसरी तार पहिल्या पडद्यावर दाबली की शुद्ध गांधार येतो. त्याने ती चौथ्या पडद्यावर दाबली. तिथे पंचम आहे. गांधार माझ्या गळ्यासाठी मोकळा राहिला. मध्यमाचा कॉर्ड आला की मध्यम आणि मोकळा पंचम एकमेकांना जरा घासतात. घासू देत, जातं तरी कुठे गुळगुळीत असतं?

ही युक्ती काही आमच्या घरात जन्मली नाही. ब्रिटनच्या डेव्ही ग्रॅहम यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी मोरोक्कोतलं ऊदवादन ऐकून गिटारच्या तारा डी, ए, डी, जी, ए, डी अशा लावल्या. आपल्या भाषेत सा, प, सा, म, प, सा. मोकळ्या तारांत गांधार नाहीच!

आम्ही आपाला ऐकवलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “बरं आहे. पण इतकं भरभर दळण होत नाही रे.”