जुन्या गिट्टीचं नवं काँक्रीट

वर्ध्याहून यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबपर्यंतचा रेल्वेमार्ग फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाला. कळंबसारख्या वाढत्या गावात जुनी बांधकामं पडतात आणि त्यांचा मलबा नाल्याकाठी जाऊन पडतो. मलब्यातला हा दगड वाया जाताना मला बघवत नाही. काँक्रीटचा जवळजवळ पाऊण भाग गिट्टी आणि रेतीच असतो. फोडलेला दगड आपण फेकतो आणि खदानीत नवा फोडतो.

जुनं काँक्रीट फोडून, सळई काढून, चाळून त्याची गिट्टी करता येते, आणि नियमांतही ती बसते. भारतीय मानक ३८३च्या २०१६च्या आवृत्तीप्रमाणे जाड गिट्टीपैकी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ दर्जापर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के, आणि एम-१५पेक्षा हलक्या थरात सगळीच्या सगळी अशी गिट्टी चालते. मिस्त्रींनी एक मात्र सांभाळायचं. या गिट्टीला जुन्या सिमेंटचा थर चिकटलेला असतो, तो पाणी ओढतो. माल कोरडा वाटला की वरून पाणी ओतलं जातं, आणि ताकद तिथंच जाते. गिट्टी आदल्या दिवशी भिजवा, पाणी निथळू द्या, मग वापरा.

आता या काँक्रीटमध्ये मिसळायची अंबाडी. भाजी आपण आवडीनं खातो, पण तिच्या वाखाचे, म्हणजे सालीच्या तंतूंचे, दोर नायलॉननं मागे टाकले. पेंढ्या पाण्यात कुजवून काढलेला वाख बारीक कापून थोड्या प्रमाणात मिसळला, तर ओलं काँक्रीट सुकताना पडणाऱ्या बारीक भेगा तो धरून ठेवतो. झाडाचे तंतू मिसळणं नवं नाही: वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आहेत, हे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६मध्ये दाखवलं. पण सिमेंट फार क्षारयुक्त. त्यात वाख हळूहळू झिजतो. म्हणून सिमेंटचा काही भाग काढून तिथं औष्णिक वीज केंद्राची राख घालावी लागते.

सळईची जागा वाख घेणार नाही. काळी माती फुगून जोतं हललं, तर पडणारी भेगही त्यानं थांबणार नाही. स्लॅब, बीम, कॉलम यांत वाखाचे प्रयोग नकोत. नालीखालचा थर, अंगणातली फरसबंदी, इथून सुरुवात करा.

नगरपंचायतीनं मलब्यासाठी एक जागा ठरवून द्यावी; घर पाडणाऱ्यानं काँक्रीट, विटा आणि लाकूड वेगवेगळं आणून टाकावं. पहिल्या मालाचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून यवतमाळच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात २८ दिवसांनी तपासून घ्यावेत. ताकदीचा आकडा चांगला आला, तर पुढची नाली त्याच मिश्रणाची बांधावी.