सलीमनं माहिती आणली नसती तर?



मी लेखक नाही, अभ्यासकही नाही. दिवसभर कोड लिहितो. मनात घर करून बसलेल्या एखाद्या पात्राबद्दल बोला, असं तुम्ही सांगितलंत आणि मला आठवला 'सरफरोश'मधला इन्स्पेक्टर सलीम.

चित्रपट ३० एप्रिल १९९९ ला आला. मी अकरा वर्षांचा होतो. अब्बांनी मिरजेत थिएटरला नेलं. दिग्दर्शक जॉन मॅथ्यू मॅथन, नायक आमिर खान, समोर नसीरुद्दीन शाह. सलीम झालेले मुकेश ऋषी मला खलनायक म्हणूनच माहीत होते. ते पडद्यावर आले आणि माझ्या मनात आलं, हाच फितूर निघणार. सलीम नावाच्या माणसाबद्दल हे मला वाटलं, लक्षात घ्या.

तो फितूर निघत नाही. सुलतान नावाचा गुन्हेगार निसटतो आणि तपास सलीमकडून काढून एसीपी राठोडकडे जातो. सलीमला वाटतं, चूक हे निमित्त आहे, खरी अडचण आपल्या नावाची आहे. तो दुखावतो, चिडतो. देश वाचवायला मला कुठल्या सलीमची गरज नाही, असं राठोड बोलून जातो. पुढे हाच सलीम आपल्या ओळखीतून महत्त्वाची माहिती काढून राठोडकडे येतो आणि बजावतो की, हा देश त्याचं घर नाही असं पुन्हा कुठल्या सलीमला सांगू नका.

थिएटरात टाळ्या पडल्या. अब्बा मात्र रुमालानं चष्मा पुसत होते.

त्याच उन्हाळ्यात कारगिल पेटलं. ८ जूनला मँचेस्टरला विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना होता. गल्लीतल्या एका मित्रानं सहज विचारलं, "तू कोणाकडून?" आपण ४७ धावांनी जिंकलो तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मी ओरडलो. आनंद खरा होता. आवाज मात्र गरजेपेक्षा जास्त होता.

तो जास्तीचा आवाज पुढे वीस वर्षं माझ्यासोबत राहिला. इंजिनीअरिंगला, नोकरीत. रात्री सर्व्हर बंद पडला तर पहिला फोन मी उचलायचा. कुठे स्फोट झाला तर ऑफिसच्या ग्रुपवर निषेधाचा पहिला मेसेज माझा. कुणी मागितला नव्हता. मी सलीमसारखा वागतोय, याचा मला अभिमान होता.

मध्यंतरी आमच्या टीममध्ये एक मुलगा आला, आपल्यातलाच. रात्री नऊ वाजता एकटा बसलेला दिसला. म्हटलं, घरी जा. तो म्हणाला, "भय्या, आपनेच बोला था ना, अपने को डबल काम करना पडता."

खरंच, मीच सांगितलं होतं.

त्या रात्री 'सरफरोश' पुन्हा पाहिला. सलीम आजही तितकाच आवडला. तो राग गिळत नाही, मित्राच्या तोंडावर बोलतो आणि तरी काम सोडत नाही. पण यावेळी एक प्रश्न पडला. सलीमनं माहिती आणलीच नसती तर? हा देश त्याचं घर राहिलं नसतं का?

चित्रपटाला नाट्य लागतं, म्हणून सलीमला पुरावा आणावा लागतो. संविधानाला लागत नाही. कलम १४ आणि १५ मध्ये समानता कुठल्या कामगिरीचं बक्षीस म्हणून दिलेली नाही. आळशी सलीम, नापास झालेला सलीम, क्रिकेटमध्ये रस नसलेला सलीम, हे सगळे इथलेच आहेत.

आणि ही परीक्षा आपणही एकमेकांची घेतो. तलाकवर प्रश्न विचारणाऱ्या बहिणीला आपण लगेच विचारतो, "तू खरी मुसलमान आहेस का?" दारात उभं करून ओळखपत्र मागायची सवय वाईटच, मग दार कुणाचंही असो.

मेहनत करा, मित्रांनो. भरपूर करा. पण ती कामाच्या गोडीनं करा, जामीन भरल्यासारखी नको.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला सांगितलं, "माझं चुकलं. सिंगलच काम कर, पण नीट कर." तो हसला आणि सहा वाजता बॅग उचलून निघाला. मीही त्याच्या मागोमाग निघालो.