मथळा वाचून परत गेलेली बाई

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण)



२०२४ च्या अखेरची गोष्ट. आमच्या सल्लाकेंद्रात एक बाई आली. तक्रार द्यायला नव्हे, नुसतं विचारायला. "ताई, ४९८ अ बंद झालं ना?" तिच्या फोनवर एका बातमीचा मथळा होता. ४९८ अ इतिहासजमा, आता नवऱ्यावर केस करता येणार नाही, अशा अर्थाचा, आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह. बातमी तिनं उघडली नव्हती. मी उघडली. जाहिराती सारत सारत पार तळाशी गेले तेव्हा खरं वाक्य सापडलं: १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि हीच तरतूद आता कलम ८५ व ८६ मध्ये आहे. शिक्षा पूर्वीचीच, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. बदलला होता तो आकडा.

तो मथळा तिला दिरानं दाखवला होता. त्यावर विसंबून ती चार महिने गप्प राहिली. त्या चार महिन्यांत तिचं मनगट मोडलं.

तेव्हा हा काही भाषाशुद्धीचा विषय नाही.

पूर्वी आपण अख्खा अंक विकत घ्यायचो, मग आतली बातमी वाचा नाहीतर वाचू नका. इंटरनेटवर प्रत्येक बातमीला आपलं गिऱ्हाईक आपणच ओढून आणावं लागतं. कुणी बोट लावलं तर पान उघडणार, पान उघडलं तर जाहिरात दिसणार, जाहिरात दिसली तर पैसे. म्हणून मथळा बातमी सांगत नाही, लपवतो. "'त्या' रात्री नेमकं काय घडलं?" "पत्नीनं केलं असं काही की..." मराठीतल्या सर्वनामांना एवढं काम यापूर्वी कधी मिळालं नसेल! फेसबुकनं ऑगस्ट २०१४ मध्येच असले मथळे मागे सारू म्हणून जाहीर केलं होतं. दुकान काही बंद झालं नाही.

पण मला जास्त काळजी वाटते ती न उघडणाऱ्यांची. जी बोट लावते तिला निदान तळाशी खरं सापडण्याची शक्यता असते. बाकीच्या साऱ्याजणी भाकरी थापता थापता, बसमध्ये उभ्या उभ्या, नुसता मथळा वाचतात. त्यांच्यापुरती तीच बातमी. आणि प्रश्नचिन्ह लावलेलं असलं की खोटं बोललात असंही म्हणता येत नाही. आम्ही तर फक्त विचारलं!

हे सगळं इंटरनेटनंच आणलं असं मात्र समजू नका. १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात एका मुलीला जाळून मारलं, तेव्हाही 'एकतर्फी प्रेम' हे शब्द होतेच. प्रेम कसलं त्यात? बाईनं नवऱ्याला मारलं की ती मथळ्याची कर्ती असते, 'पत्नीनं काढला काटा'. नवऱ्यानं मारलं की 'विवाहितेचा मृत्यू', जणू तो आपोआप झाला. वर कारण तिच्याच पदरात टाकायचं: जेवण वाढलं नाही म्हणून, फोनवर बोलत होती म्हणून. फरक एवढाच की तो कागद महिन्याभरात रद्दीत जायचा. फोनवरची बातमी दोन वर्षांनी तारखेशिवाय पुन्हा हिंडायला लागते.

आता थोडं आपल्याबद्दल. डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. 'महाराष्ट्रात शक्ती कायदा' असा मथळा आमच्याच गटातल्या मैत्रिणीनं अभिनंदनासकट सगळ्यांना पाठवला, मीही तो पुढे ढकलला. त्यातल्या फाशीला आपल्यातल्या अनेकींचा विरोध होता, ते वेगळं. पण विधेयकाला राष्ट्रपतींची संमती लागणार होती, ती मिळाली नाही आणि कायदा झालाच नाही. पुढे बायका आमच्याकडे 'शक्तीखाली' तक्रार करायला यायच्या, तेव्हा त्यांना काय सांगावं ते कळेना. तो मथळा त्यांच्यापर्यंत आमच्याकडूनही गेला होता.

प्रेस कौन्सिलचा संकेत आहे की मथळा खालच्या मजकुराला धरून हवा. पण कौन्सिल १९७८ च्या कायद्यानं चालतं, त्याच्या कक्षेत वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्था येतात. निव्वळ इंटरनेटवर चालणाऱ्या बातमीच्या दुकानांना ते विचारू शकत नाही. म्हणून पत्रं लिहायची नाहीत असं नाही. आम्ही त्या ४९८ अ च्या बातमीबद्दल संपादकांना लिहिलं. मथळा बदलला नाही, उत्तरही नाही.

केंद्रात आता आम्ही एक करतो. बाई फोन पुढे करते तेव्हा "खोटं आहे ते" म्हणून मोकळं होत नाही. तिच्या शेजारी बसून बातमी उघडतो, तारीख बघतो, तळापर्यंत वाचतो. वाचता येत नसेल तर मोठ्यानं. वेळ जातो. त्या दिवशी पाऊण तास गेला. मनगटाचा एक्सरे आणि ८५ कलम घेऊन ती दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेली. मी बरोबर होते.

मी येताना आठ बातम्यांच्या प्रती आणल्या आहेत, मथळा कापलेल्या. चार-चारजणींचे गट करा, खालचा मजकूर वाचा आणि मथळा तुम्ही लिहा. कापलेले तुकडे माझ्या पिशवीत आहेत, जेवणानंतर ते शेजारी लावून बघू.