देणाराही गुन्हेगार

हुंडा घेणं गुन्हा आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. देणंही गुन्हाच, असं म्हटलं की मांडवातली भलीभली माणसं चमकतात. १९६१च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने देणारा आणि घेणारा एकाच कलमात बसवलेत. कलम ३. आज त्यात किमान पाच वर्षांची कैद आहे.

वधूपिता मात्र म्हणतो, ‘हुंडा कसला? लेकीच्या अंगावर घातलं!’ माणूस लबाड नसतो. वीजबिल मुदतीत भरतो, घरपट्टी थकवत नाही. लेकीला रिकाम्या हाताने सासरी धाडणं हेच त्याच्या लेखी पाप. त्यापुढे कलमाची काय मातब्बरी?

घरातली पिठाची चाळणी आठवा. कायदा सगळ्यांकडे सारखाच दळून येतो, पण प्रत्येक घर तो आपल्या चाळणीने चाळतं. ‘मागू नये’ एवढं खाली उतरतं. ‘देऊ नये’ हे कोंडा म्हणून वर राहतं आणि थेट गाईच्या दावणीत जातं. चाळणी असते पणजीच्या काळातली. ती बदलावी, असं घरात कुणाला सुचतही नाही.

आता त्याच घरातला दुसरा कायदा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला, तोही अविवाहित मुलींपुरता. २००५ साली केंद्राने लग्न झालेल्या लेकींनाही तो दिला. पण मांडवात सढळ हाताने देणारा बाप सातबाऱ्यापाशी हात आखडतो. बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, भाऊ साडीचोळी करतो, माहेर शाबूत राहतं. यात बेकायदेशीर काहीच नाही. गंमत अशी की कायदा जे देऊ नका म्हणतो ते वाजतगाजत दिलं जातं आणि कायद्याने जे मिळतं ते गुपचूप सोडवून घेतलं जातं.

तर पुन्हा एकदा: देणाराही. मात्र हुंड्यापायी नाडलेल्या बापाने तक्रार केली, तर त्या जबानीवरून त्याच्यावर खटला भरता येत नाही. कलम ७मध्ये तशी सोय आहे. ही गोष्ट वकिलाकडे जाईपर्यंत बहुतेकांच्या कानावरच येत नाही.

राहता राहिली न मागता दिलेल्या, म्हणजे कायद्याला चालणाऱ्या भेटवस्तूंची यादी. १९८५च्या नियमांप्रमाणे ती लिहून त्यावर वधूवरांच्या सह्या घ्यायच्या असतात. आहेर लिहायला एखादा मामा वही घेऊन बसलेला असतोच. त्यालाच हे काम... पण वेळ संपली. नवरीला मिळालेल्या वस्तूंची यादी नवरीनेच जपून ठेवायची असते, एवढं तरी मामांच्या कानावर घाला.