वाफसा, सेन्सर आणि कॉलेजचा पाचोळा

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेल आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या बागेला आपोआप पाणी देणारी सिस्टिम करायचीय, तर कुठला बोर्ड आणि सेन्सर घेऊ, असं विचारलंय. सांगतो, पण शेवटी. आधी माझ्या बीटेकच्या प्रोजेक्टची गोष्ट ऐका. कारण तो प्रोजेक्ट अगदी हाच होता.

आमचं कॉलेज काळ्या जमिनीवर. पुढे भलंमोठं लॉन, मागे हॉस्टेलकडे गुलमोहर, रेन ट्री आणि काही कडुनिंब. बागेत नऊ माणसं, सगळी कंत्राटी. त्यात सगळ्यात जुने माळीमामा, कॉलेजचं बांधकाम चालू होतं तेव्हापासूनचे.

आमची आयडिया सोपी होती. मातीत सेन्सर खोचायचा. ओलावा ठरावीक आकड्याच्या खाली गेला की पंप चालू, वर गेला की बंद. मामा शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "बाकी झ्याक आहे. पण याला वाफसा कसा कळणार?"

मी तेव्हा हसलो होतो. वाफसा म्हणजे जादा पाणी निचरून गेल्यावर मातीत ओल आणि हवा दोन्ही असतात ती अवस्था. मुळांना दोन्ही लागतात. मामांची पद्धत अशी: खुरप्याने चार बोटं खालची माती काढायची आणि मुठीत दाबायची. लाडू झाला आणि टिचकीने फुटला, तर वाफसा. चिकट गोळा राहिला तर पाणी नको. लाडूच वळला नाही तर पाणी द्या.

एप्रिलमध्ये आम्ही सिस्टिम नवीन रोपांच्या पट्ट्यात लावली. काळी माती सुकली की आकसते, तिला भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. मला माहीत नव्हतं. भेग नेमकी सेन्सरपाशी पडली. त्याचा मातीशी संबंधच तुटला, आणि तो सांगत राहिला, "कोरडं, कोरडं." शनिवार-रविवार सुट्टी. पंप चालूच. जास्तीत जास्त किती वेळ चालायचं याची मर्यादा मी कोडमध्ये घातलीच नव्हती. सोमवारी टाकी रिकामी आणि सगळ्या आळ्यांत पाणी तुंबलेलं. महिन्याभरात निम्मी रोपं पिवळी पडून गेली. सेन्सर उपटला तर त्याचा एक दात गंजून खाल्ला गेला होता. दोन दातांचे स्वस्त सेन्सर सतत करंट दिला की असेच झिजतात.

मग आम्ही काय केलं? परीक्षेला कुंडीत डेमो दिला. कुंडीत सगळं मस्त चालतं. रिपोर्टमध्ये लिहिलं, "प्रत्यक्ष जागेवर चाचणी यशस्वी." ए ग्रेड मिळाली.

तो रिपोर्ट ऑफिसात गेला. पुढच्या कंत्राटात ऑटोमेशनचं कारण दाखवून नऊची सहा माणसं केली. कमी झालेल्यांत एक मावशी होत्या. पाचोळा गोळा करून खताचे खड्डे भरणं हे त्यांचं काम. मला हे निकालाआधीच कळलं होतं. हातात प्लेसमेंट होती. मी गप्प बसलो.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी कॉलेजला गेलो. पानगळ चालू होती. हॉस्टेलच्या मागे धूर. मामा भेटले. म्हटलं, "मामा, पाला जाळताय?" ते म्हणाले, "सहा माणसांत लॉन बघू, पाणी मारू, का खड्डे भरू? पाव्हणे तर पुढच्या गेटानंच येतात बाळा."

तर मंडळी, हे "ग्रीन कॅम्पस"चं खरं गणित आहे. लॉनचं बघा. एक चौरस मीटरवर १ मिलीमीटर पाणी म्हणजे १ लिटर. कडक उन्हाळ्यात लॉनला रोज साधारण ५ मिलीमीटर धरा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. रोजचे २० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे दोन टँकर. आणि त्याच आवारात, मागच्या बाजूला, जो पाला मातीची ओल धरून ठेवतो तो आपण जाळतो. झाडांच्या आळ्यात पाल्याचा दोन-तीन इंच थर दिला, फक्त बुंध्याला न चिकटवता, तर ऊन थेट मातीवर पडत नाही आणि भेगाही कमी पडतात. उरलेल्याचं खत होतं. नुसता सुका पाला लवकर कुजत नाही, त्यात कार्बन फार. पण लॉनचं कापलेलं ओलं गवत किंवा शेणकाला मिसळला, ओल राखली, अधूनमधून वरखाली केला, की काही महिन्यांत खत तयार. २०१६ च्या घनकचरा नियमांतही बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवा असं सांगितलं होतं.

यात नवीन तंत्रज्ञान काहीच नाही. लागतात ते हात. आणि माझ्या रिपोर्टने तेच कमी केले.

गेल्या महिन्यात मी कॉलेजला पत्र लिहिलं. चाचणी फसली होती, हे लिहिलं. लॉनचं वरचं गणित जोडलं. निम्मं लॉन काढून तिथे कडुनिंब, करंज, बहावा लावा आणि खड्ड्यांसाठी माणसं परत घ्या, असं सुचवलं. अजून उत्तर नाही. मावशी आता कुठे काम करतात, तेही मामांना माहीत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, मित्रा. बोर्ड कुठलाही स्वस्तातला चालेल. सेन्सर कपॅसिटिव्ह घे, तो त्या मानाने कमी गंजतो. एकाच जागी नको, तीन-चार ठिकाणी लाव. पंपाला वेळेची मर्यादा पहिल्या दिवशी घाल. पण त्याआधी महिनाभर तुमच्या माळीकाकांबरोबर सकाळी फीर. ते लाडू वळतील तेव्हा तुझा आकडा वहीत लिही. मग तुला कळेल चाळीस टक्के म्हणजे काय.

आणि रिपोर्टमध्ये दोन ओळी नक्की टाक: काय चाललं नाही, आणि हे यंत्र कोणाच्या मदतीला आहे. मी त्या टाकल्या नव्हत्या.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या कॉलेजात पाचोळ्याचं काय होतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.